वापरलेला लॅपटॉप घेताना काय तपासावं?

प्रश्न (ऐरोली): मुलगी डिप्लोमाला, बजेट २५ हजार. वाशीत सेकंडहँड बघतोय. काय पाहून घ्यावं?

उत्तर १: इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचाच. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘आय ७’च्या स्टिकरला भुलू नका दादा; आय ५-८२५० मधला ८ म्हणजे पिढी.

उत्तर २: दुकानातच चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा. टक्के धडाधड उतरले तर नव्या बॅटरीचे पैसे कापून घ्या. टचपॅड वर उचललेला दिसला तर खाली बॅटरी फुगलीय, हात लावू नका. बायोसने (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) पासवर्ड मागितला तरी सरळ उठा.

उत्तर ३: रॅमचा (चालू कामाची मेमरी) दुसरा स्लॉट रिकामा आहे का विचारा. काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर असते, पुढे वाढत नाही.