इंडिया, हिंद, भारत: ग्रुपवर रंगलेली चर्चा

बी-२०३: फॉरवर्ड आलाय, "इंडिया हे नाव इंग्रजांनी ठेवलं". खरंय का? लेकीला निबंधात घालायचंय.

ए-५०१: मुळीच घालू नका वहिनी. ग्रीक राजदूत मेगॅस्थनीस इ.स.पू. ३०० च्या सुमारास चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी होता. त्याच्या ग्रंथाचं नावच 'इंडिका'. इंग्रज तेव्हा कुठे होते?

सी-१०४: मग ग्रीकांनी ठेवलं म्हणा काका.

ए-५०१: अर्धंच खरं. मूळ शब्द आपलाच, सिंधू. इराणी लोकांच्या तोंडी 'स'चा 'ह' व्हायचा. सप्तचं हफ्त झालं, तसं सिंधूचं हिंदू. (कर्जाचा हप्ता तिकडूनच आलाय, ज्यांचे चालू आहेत त्यांच्या माहितीसाठी 😄) इराणचा सम्राट दारियस याच्या शिलालेखांत सिंधूकाठच्या प्रांताला 'हिंदुश' म्हटलंय. फक्त त्या प्रांताला, बरं का. पुढे ग्रीकांनी तो 'ह'सुद्धा गाळला, नदी 'इंडोस' झाली आणि नदीपलीकडचा सगळा मुलूख इंडिया.

बी-२०३: म्हणजे ओसरी पाहिली आणि तिचंच नाव अख्ख्या वाड्याला दिलं!

ए-५०१: अगदी. आणि इराणी स्वतःही त्यातून सुटले नाहीत. 'पार्स' हा त्यांचा एक प्रांत, त्यावरून ग्रीकांनी सगळ्या देशाला पर्शिया केलं. घरात ते इराणच म्हणत होते. १९३५ मध्ये रझा शहाने परदेशी सरकारांना सांगितलं की यापुढे इराण लिहा. बाहेरच्यांना वाटलं देशाचं नाव बदललं.

सी-१०४: आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे! ग्रीकांना 'यवन' म्हणायचो ते आयोनियावरून. तो तर आशिया मायनरचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा किनारा, ग्रीसची मुख्य भूमी समुद्रापार.

सी-३०२: पण सिंधूचा बहुतेक प्रवाह आता पाकिस्तानात आहे. मग नाव आपल्याकडे कसं राहिलं?

ए-५०१: जिनांचाही हाच आक्षेप होता. १९४७ साली त्यांनी माउंटबॅटन यांना तसं कळवलंही होतं. फाळणीनंतर 'इंडिया' हे नाव कुणीच घेणार नाही, असं ते धरून चालले होते. आपण ते सोडलं नाही.

डी-४०२: भारत हे नाव तरी पहिल्यापासून सगळ्या देशाचं होतं ना?

सी-१०४: तेच तर गंमतीचं आहे. अशोकाच्या लेखात देशासाठी 'जंबुदीप' येतं. कलिंगचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात 'भरधवस', म्हणजे भारतवर्ष येतं, पण तिथे ते खारवेलाने स्वारी केलेल्या एका प्रदेशाचं नाव आहे. "उत्तरं यत्समुद्रस्य हिमाद्रेश्चैव दक्षिणम्" हा विष्णुपुराणातला श्लोक आठवा. समुद्रापासून हिमालयापर्यंतचा भारत तिथे भेटतो. म्हणजे बाहेरचं नाव वाढत गेलं, तसं आतलंही वाढलं.

बी-६०१: भरत म्हणजे दुष्यंत-शकुंतलेचा ना?

डी-१०१: आमच्याकडे जैन परंपरेत ऋषभदेवांचा मुलगा भरत.

सी-१०४: आणि ऋग्वेदात भरत नावाची टोळीच आहे. यावर वाद घालत बसलो तर उद्या उजाडेल.

सेक्रेटरी: मंडळी, हा ग्रुप सूचनांसाठी आहे 🙏

ए-५०१: सेक्रेटरी साहेब, एवढं सांगतो आणि थांबतो. घटनेच्या १९४८ च्या मसुद्यात पहिल्या कलमात नुसतं 'इंडिया' होतं, भारत नव्हतंच. घटना समितीच्या सदस्यांनी ओरड केली, तेव्हा "इंडिया, दॅट इज, भारत" असं आलं. तरी त्यातले एक सदस्य ह. वि. कामत अडून बसले. त्यांचं म्हणणं, भारत आधी हवं, आणि इंग्रजीत त्याला इंडिया म्हणतात असं लिहा. १८ सप्टेंबर १९४९ ला त्यांच्या या दुरुस्तीवर मतदान झालं. बाजूने ३८, विरोधात ५१.

डी-४०२: फक्त १३ मतांनी?

ए-५०१: हो. मला तर वाटतं, त्या दिवशी हजेरी जास्त असती तर निकाल काय लागला असता कुणास ठाऊक.

सी-१०४: आणि घटनेची हिंदी प्रत काढून बघा. तिथे "भारत, अर्थात् इंडिया" असंच छापलंय.

डी-४०२: म्हणजे कामतांचा क्रम हिंदीत आलाच की 😀

सेक्रेटरी: हे मला माहीत नव्हतं. त्या पानाचा फोटो असेल तर टाका.