टूर दी फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी माँमार्त्रचा चढ हवा की नको?

घाटमाथा
टूर म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत. २०२५च्या टूरचा शेवटचा टप्पा २७ जुलैला पॅरिसमध्ये झाला. शाँझेलिझे या हमरस्त्यावरच्या नेहमीच्या फेऱ्यांना त्या वर्षी माँमार्त्रची टेकडी जोडली होती. १.१ किलोमीटर, सरासरी ५.९ टक्के चढ, अरुंद र्‍यू लपिक, चाकाखाली दगडी फरसबंदी, आणि हे सगळं तीनदा. माझं मत स्पष्ट आहे, हा चढ कायम राहावा.

एरवी शेवटच्या दिवशी शॅम्पेन, फोटो, मग गोल गोल फेऱ्या आणि खरी चुरस शेवटच्या काहीशे मीटरला. २०२५ला एकूण आघाडीची पिवळी जर्सी अंगात आणि चौथं विजेतेपद हातात असूनही पोगाचार स्वतः पुढे येऊन घोळका फोडत होता. शेवटी सहा जण उरले. तिसऱ्या चढावर माथा जवळ आल्यावर वाउट वान आर्टने असा जोर काढला की पोगाचारच्या पुढच्या चाकासमोर आधी एका सायकलीएवढी फट पडली, मग दोन, आणि ती भरलीच नाही. माथ्यापासून अंतिम रेषा सहाएक किलोमीटर. तो एकटा आला. पॅरिसमध्ये याहून चांगली शर्यत मी पाहिलेली नाही.

सपाटीवरचा
पूर्ण असहमत. स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर शेवटच्या झेपेत जिंकणारे, आल्प्स आणि पिरेनीजचे डोंगर कसे पार करतात हे एकदा नीट बघा. रोज मागच्या गटात, वेळमर्यादेत बसण्यासाठी जिवाचा आटापिटा. तो कशासाठी? शाँझेलिझेसाठी. स्प्रिंटर कॅव्हेंडिशने तिथे २००९ ते २०१२ सलग चार वेळा जिंकलं, आजही लोक ते सांगतात. २०२५ला गुणांच्या आघाडीची हिरवी जर्सी घातलेल्या स्प्रिंटर मिलानला त्या चढाने संधीच ठेवली नाही. डोंगरांना तीन आठवडे दिलेत, एक दिवस आम्हाला द्या.

घाटमाथा
@सपाटीवरचा हे दुःख खरं आहे, पण तो दिवस स्प्रिंटरांच्या नावावर कोणी लिहून दिलेला नाही. १९७९ साली पिवळ्या जर्सीतला इनो आणि दुसऱ्या क्रमांकावरचा झूटमेल्क याच रस्त्यावर दोघेच पुढे निघाले आणि इनो जिंकला. २००५ला विनोकुरोव्हनेही घोळक्याला चकवलं होतं. शेवटच्या दिवशी हल्ला करायचा नाही हा संकेत आहे, नियम नाही.

मागचं चाक
मला आक्षेप वेगळाच आहे. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये हाच चढ होता, पण तिथे ९० सायकलपटू होते आणि तेही तोवर विखुरलेले. इथे १६० जण, तीन आठवडे दमलेले, एकाच गल्लीत घुसायला निघालेले. पुढचे वळणातून वेगात निघून जातात, मागचे ब्रेक लावून जवळजवळ थांबतात आणि मग शून्यातून जोर काढतात. प्रत्येक फेरीत हेच. म्हणून चढाआधी पुढे राहायला खांद्याला खांदा घासावा लागतो, आणि पडतात ते तिथे. पोगाचारचा प्रतिस्पर्धी विंगेगोरने शर्यतीआधीच ही चिंता बोलून दाखवली होती.

त्यात पाऊस. पहिल्या पावसात सिंहगडाचा घाट सायकलने उतरलेल्याला ओली, तेलकट वाट काय असते ते सांगायला नको. ओली फरसबंदी त्याहून वाईट.

घाटमाथा
@मागचं चाक म्हणूनच आयोजकांनी रेषा चौथ्यांदा ओलांडताना, साधारण ५० किलोमीटर बाकी असताना, एकूण क्रमवारीची (सगळे टप्पे मिळून) वेळ गोठवली ना? ज्याला जोखीम नको त्याने निवांत यावं, ज्याला टप्पा हवा त्याने लढावं. मला ही व्यवस्था उत्तम वाटते.

मागचं चाक
मला नाही वाटत. टूरच्या टप्प्यात प्रत्येक सेकंद मोजला गेला पाहिजे. १९८९ला लेमाँडने फिन्याँला एकूण वेळेत पॅरिसमध्येच ८ सेकंदांनी हरवलं. पाऊस आला की घड्याळ बंद करावं लागणार असेल, तर मार्ग चुकलाय.

कॅडन्स९०
मधला मार्ग निघालाय. २०२६च्या आराखड्यात माँमार्त्र आहे, पण शेवटचा माथा रेषेपासून सुमारे १५ किलोमीटरवर नेलाय. म्हणजे मागे पडलेल्या स्प्रिंटरला परत यायला वाव.

सपाटीवरचा
यायला वाव कोणाच्या जोरावर? स्प्रिंटरला ओढणारे तगडे गडी त्या तीन चढांवर त्याच्याही आधी गळणार. १५ किलोमीटर एकट्याने पाठलाग करून तो रेषेवर कसला स्प्रिंट मारणार?

घाटमाथा
मग तगडा गडी चढावर टिकेल असा संघ बांधा. वान आर्टसारखा भारी अंगाचा माणूस पोगाचारला चढावर मागे टाकतो, तर बाकीच्यांनी तयारीच करू नये का?

सपाटीवरचा
वान आर्ट एकच आहे. त्याच्याकडे बघून १६० जणांचा मार्ग ठरवू नका.