पाळीव मांजर मार्च ते जुलै रात्री घरातच हवं: पटतंय का?

परसबाग सातारा
शाहूपुरी, गोडोलीकडं दारोदारी पक्ष्यांसाठी पाण्याची परात दिसते आणि त्याच दारात मांजरही. दोन्ही हौशी सांभाळायच्या तर विणीच्या दिवसांत संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ मांजर आत हवं. बुलबुल जास्वंदीत, डाळिंबात छातीएवढ्या उंचीवर घरटं बांधतो. पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की पंख पुरते भरायच्या आतच बाहेर पडतात आणि झुडपाच्या बुडाशी लटपटत बसतात. मांजराचा शिकारीचा जोर पहाटे आणि तिन्हीसांजेला. मांजराच्या गळ्यातल्या घंटेचा भरवसा धरू नका. दबा धरलेल्या मांजराची घंटा वाजत नाही, झेपेबरोबर वाजते. उडता न येणाऱ्या पिल्लानं ती ऐकून करायचं काय?

कृष्णाकाठ
सांगलीत मांजर हौसेला नसतं हो. हळदीची, गुळाची गोदामं आहेत, बारदान कुरतडलं की माल सांडतो. उंदीर रात्री फिरणार आणि तुम्ही रात्रीच मांजर कोंडणार! मग लोक विषाच्या वड्या टाकतात, तो उंदीर गव्हाणी घुबड उचलतं आणि तेही मरतं. चिमण्या गेल्या त्या कौलं, वळचणी गेल्या म्हणून. अंगणभर पेव्हर ब्लॉक मांजरानं बसवले का? आणि शिक्रा, भारद्वाजही पिल्लं पळवतात, त्यांना कोण कोंडणार?

परसबाग सातारा
शिक्रा दोन वेळचं जेवून शिकारीला येत नाही. भक्ष्य घटलं की तोही घटतो. मांजराचं पोट आपल्या वाटीवर भरतं, त्यामुळे पक्षी संपत आले तरी त्याचं काही अडत नाही. गोदामाचं मांजर गोदामात राहू द्या, वाद बागेचा आहे. आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका कचरा केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावले होते (२०१८ चा अभ्यास). मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन.

कृष्णाकाठ
ते दांडगे उंदीर. घरातलं चिल्लर उंदरू मांजर सोडत नाही.

दूधभाकरी नको
कोंडण्याआधी वाटीत काय पडतं ते बघा. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास आहे, २१९ घरांतली ३५५ मांजरं. धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाद्य दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्के घटली. रोज ५ ते १० मिनिटं खेळवल्यावर २५ टक्के. गळ्यात रंगीबेरंगी कापडी पट्टा घातला तर पक्षी ४२ टक्के कमी. घंटेनं फरक नाही. आणि खाणं कोड्याच्या डब्यात (ज्यातून खटपट करून काढावं लागतं) दिलं तर शिकार उलट ३३ टक्के वाढली!
आपल्याकडं दूध-चपाती. त्यात टॉरिन (मांजराला मांसातून मिळणारं गरजेचं पोषकद्रव्य) जवळपास नसतंच, आणि त्याच्या कमतरतेनं मांजराचे डोळे, हृदय बिघडतं. नुसतं उकडलेलं बोनलेसही पुरत नाही, कॅल्शियम कमी पडतं. पूरक पावडर डॉक्टरांना विचारून घाला. खेळायला काठीला दोन फूट सुतळी, टोकाला पीस. ते जमिनीलगत सरकवा, मधे थांबवा, शेवटी मांजराला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. नुसत्या लेझरवर खेळवलं तर पंजात काहीच येत नाही, ते चिडचिडं होतं. पट्टा मात्र ओढ बसताच सुटणाऱ्या क्लिपचा, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो.

कृष्णाकाठ
घरी आणलेलीच शिकार मोजली ना? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधले तेव्हा चौथाईहून कमी शिकार घरी आली होती. मग ते ३६ टक्के कमी मारलं की कमी आणलं?

दूधभाकरी नको
मुद्दा रास्त आहे. पण मारलेले पक्षी दिसतात त्याहून जास्तच, हाही त्याचाच अर्थ.

माळावरचा सुगरण
तोवर बागेत एवढं तरी करा. परात दीड मीटरच्या गुळगुळीत पाइपावर, झुडपापासून दोन मीटर लांब. घरट्याच्या झाडाला सव्वा मीटरवर दोन फूट रुंदीचा पत्रा गुंडाळा. तारेनं करकचून आवळू नका, खोड वाढतं आणि साल कापली जाते. बहुतेकांचं चुकतं ते कंपाउंडच्या भिंतीशी: भिंतीवरून झेप घेता येईल अशी फांदी राहिली की पत्रा फुकट.
मांजराच्या तोंडातून पक्षी सुटला आणि जखम दिसली नाही, तरी डॉक्टरांकडं न्या. लाळेतल्या पाश्चुरेला जंतूनं तो एक-दोन दिवसांत मरू शकतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

कृष्णाकाठ
पत्रा मान्य, मटणही मान्य. रात्रीचं कोंडणं अमान्य.

परसबाग सातारा
निदान भाटीची नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात करून घ्या. शिकार सुटणार नाही, पण नऊ आठवड्यांत चार पिल्लं आणखी बागेत उतरणार नाहीत. रात्रीचं भांडण चालू ठेवू.