मदत हवी आहे: एकच हिपॅटायटिस बी, दोन भावांत एवढा फरक का?

नमस्कार मंडळी, माझ्या दोन्ही भावांना मोठेपणी हिपॅटायटिस बी झाला, थोरल्याचा सहा महिन्यांच्या आत निगेटिव्ह आला पण धाकट्याचा एचबीएसएजी (रक्तात हा विषाणू आहे का ते दाखवणारी टेस्ट) वर्ष झालं तरी पॉझिटिव्हच, रिपोर्टवरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून बसून राहतो, बघवत नाही हो. तान्हेपणी लागण झाली तर जवळपास ९०% बाळांत तो क्रॉनिक (म्हणजे शरीरात टिकून राहणारा) होतो पण मोठ्यांत ५% पेक्षा कमी, मग हाच का अडकला? २००९ मध्ये जपानी संशोधकांनी एचएलए-डीपी या प्रतिकारशक्तीशी संबंधित जीन्समधल्या फरकांशी याचा संबंध दाखवला असं वाचलं. कुणी ती जेनेटिक टेस्ट केलीय का, उपचारात त्याने खरंच काही बदलतं का? त्याच्या मुलांना लस दिलीय, तरी अँटीबॉडी तपासून घ्यायच्या ना? जाणकारांनी प्लीज सांगा.