दुसऱ्या पाळीनंतर रात्री काय शिजवावे?

प्रश्न : चाकणच्या कारखान्यातील माझी दुसरी पाळी संपवून खोलीवर पोहोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात. एक शेगडी, लहान कुकर आणि कढई एवढ्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काय करता येईल? फ्रीज नाही.

उत्तर १ : पिठले करावे. अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे आणि मोहरी, हिंग, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीत ओतून, मीठ-हळद घालून, मंद आचेवर ढवळत शिजवावे. भाकरी मात्र दुपारी निघण्यापूर्वीच करून ठेवावी.

उत्तर २ : मध्यरात्री बेसन मला तरी जड जाते. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ आणि अडीच वाट्या पाणी कुकरमध्ये लावले, की तीन शिट्ट्यांत मऊ खिचडी होते आणि तेवढ्यात आंघोळही उरकते. वेळ वाचवण्यासाठी डाळ-तांदूळ दुपारीच भिजवून ठेवू नयेत, कारण उन्हाळ्यात ते रात्रीपर्यंत आंबतात. हे मी एकदा भोगले आहे.

प्रश्नकर्ता : आभार. आज खिचडीच लावतो, कारण भाकरी अजून गोल होत नाही.