बाबांना आतड्याचा कॅन्सर; आम्ही भावंडांनी जीन टेस्ट करायची का?

अबोली: बाबांना ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी वर्षभर मूळव्याध समजून चूर्णं चालू होती. आत्याला पंचेचाळिशीत गर्भाशयाचा झाला होता. डॉक्टर म्हणाले, लिंच सिंड्रोम (असे कॅन्सर होण्याचा घराण्यातून येणारा धोका) असू शकतो, जीन टेस्टचा विचार करा. मी तयार आहे. दादा म्हणतो, नसतं झेंगट कशाला?

सडेतोड: दादाचं बरोबर आहे. रिपोर्ट वाईट आला तर जीन बदलून मिळणार का? नुसती टांगती तलवार. त्यात तुमचं लग्न व्हायचंय. आणि २०२२चा नॉर्डिक अभ्यास बघा: कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) बोलावलेल्यांत दहा वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू फारसे कमी झालेच नाहीत.

मिरजकर: अर्धंच वाचलंत. बोलावलेल्यांपैकी जेमतेम ४२ टक्के गेले, तरी कॅन्सर १८ टक्क्यांनी घटला. शिवाय ती सर्वसाधारण माणसं होती, अशा घरांतली नव्हेत. लिंचमध्ये पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आत उगवणाऱ्या छोट्या कोंबाचा, कॅन्सर भराभर होतो, म्हणून विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण घालतात. जीन बदलत नाही, पॉलिप काढता येतो. (आदल्या रात्री ते औषधाचं पाणी पिऊन संडासात मुक्काम, हे मात्र खरं. मी दोनदा केलंय.)

अबोली, सुरुवात बाबांपासून करा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो. त्यावर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं तपासतात. एखादं गायब असेल तर पुढे बाबांचं रक्त. त्यात नेमका बिघाड सापडला, की तुम्हा भावंडांची तेवढ्या एकाच जागेची तपासणी पुरते. तो तुमच्यात यायची शक्यता निम्मी, आणि नाही निघाला तर या वारशातून सुटलात. बाबांचं न करता तुमचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला, तर त्याला फारसा अर्थ नाही.

न्यूजर्सीकर: इकडे असाल तर आधी आयुर्विमा काढा. जीन टेस्टवरून भेदभाव करायला मनाई करणारा २००८चा जीना कायदा आरोग्य विमा आणि नोकरीपुरता आहे, आयुर्विम्याला लागू नाही.

सडेतोड: ब्लॉकचं पटलं. लग्नाचं नाही. आमच्या नात्यात रिपोर्ट कळल्यावर ठरलेली सोयरीक मोडलीय. मुलगी दोन वर्षं घराबाहेर पडत नव्हती. तुम्हाला सांगायला काय जातं?

मिरजकर: याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सोयरीक मोडली ती माणसांनी, टेस्टने नव्हे.

अबोली: दादाला सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, बाबांचं करा, माझं मग बघू. ब्लॉकसाठी उद्या अर्ज देतेय. आणि सडेतोड, बाबांच्या आजाराचं मी स्थळाकडच्यांना पहिल्याच भेटीत सांगते. दोघं परत आलेच नाहीत.