मदत हवी आहे: मन आणि दम दोन्ही बघून जवळपासच्या वाटा कशा निवडाव्यात?

नमस्कार मंडळी,

आम्ही घरातले तिघं सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटांवर चालायला जातो. मला चढ आवडतो, दम लागला तरी मजा येते. बहीण सपाटीवर कितीही चालेल, पण लांबलचक उतार आला की तिचे गुडघे दुखायला लागतात. भाचा आठ वर्षांचा आहे. तो दमत नाही, कंटाळतो.

त्यात मनाचंही असतं. कधी डोकं इतकं शिणलेलं असतं की कुणाशी न बोलता नुसतं चालत राहावंसं वाटतं. कधी अंगातली सगळी रग जिरवायची असते. पण ॲपवर वाट शोधावी तर 'सोपी', 'मध्यम', 'अवघड' एवढाच शिक्का. सोपी म्हणजे कुणाला सोपी? सहा किलोमीटरच्या दोन 'सोप्या' वाटांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

वाट पायाखाली येण्याआधी ती कशी आहे हे कसं ओळखता? आणि तिघांनाही चालेल अशी एक वाट शोधण्याचा हट्ट मी सोडून द्यावा का? अनुभवी भटक्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

अंतराच्या आधी एकूण चढाई बघा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरला जातो: साधारण दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटरच्या सपाट वाटेला दीड तासाच्या थोडं वर, पण त्याच अंतरात 600 मीटर चढ असेल तर सुमारे दोन तास चाळीस मिनिटं. यात विश्रांती धरलेली नाही आणि चालणारा तंदुरुस्त आहे असं गृहीत आहे. मूल सोबत असेल तर मी सरळ दीडपट धरतो, कधी दुप्पटही.

'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. वाट जिथे सुरू होते तिथेच संपते आणि माथाही फार उंच नाही, म्हणून ती हलकी असेलच असं नाही. डोंगराच्या धारेवरून वर-खाली करत जाणारी वाट थोडी थोडी करून भरपूर चढवते. ॲपमधला उंचीचा आलेख त्यासाठीच उघडायचा. नकाशा वापरत असाल तर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघा: रेषा दाट तिथे चढण खडी, विरळ तिथे चाल निवांत.

ताईंच्या गुडघ्यांबद्दल. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. म्हणून चढताना दम जातो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात ते बहुतेक उतारामुळे. गोल फिरून येणारी वाट असेल तर खड्या बाजूने चढा आणि लांब, सौम्य बाजूने उतरा. घसारा असेल तर हे पाळाच, सुट्या मुरमावर चढणं एक वेळ जमतं, उतरणं नको होतं. दोन काठ्या वापरल्या तर उतारावर गुडघ्यांवरचा भार हलका होतो. मात्र सूज येत असेल किंवा दुखणं रेंगाळत असेल तर आधी डॉक्टर, मग डोंगर.

प्रतिसाद २

मनाच्या बाजूने लिहिते, कारण हा भाग नेहमी मागे राहतो.

डोकं शिणलेलं असताना रुंद, मळलेली, एकही फाटा नसलेली वाट घ्या, शक्यतो झाडीतली. पाय कुठे ठेवू आणि कुठे वळू हा विचार करावा लागला नाही, तरच मन मोकळं सुटतं. नवी वाट अशा दिवशी मुळीच नको, ओळखीचीच बरी.

विचार थांबतच नसतील तर मात्र उलट करा. खडकाळ, हात टेकवत चढायची वाट मनाला दुसरीकडे जाऊच देत नाही. पण झोप नीट झाली नसेल किंवा मन फार अस्वस्थ असेल त्या दिवशी दरीच्या कडेची आडवी वाट टाळा. तिथे लक्ष उडणं परवडत नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. चढ-उताराच्या बाजूंची अदलाबदल मला सुचलीच नव्हती. भाच्याचं काय करू? आणि तिघांसाठी एकच वाट?

प्रतिसाद ३

मुलाला माथ्याचं आकर्षण नसतं. वाटेत दर थोड्या वेळाने काहीतरी हवं: ओढा, चढता येईल असा दगड, गुहा, पूल.

एकच वाट चालेल, फक्त ती गोल नको. गोल वाटेवर अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरण्यात फायदा उरत नाही. गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल तर कुणीही कुठूनही वळू शकतं. अशी वाट निवडा जिचा पहिला भाग सपाट आहे आणि खरी चढण शेवटी. बहीण आणि भाचा ओढ्यापाशी थांबतील, तुम्ही वर जाऊन या. परत भेटण्याची वेळ आधीच ठरवा आणि माथा गाठला नसला तरी त्या हिशोबाने वळा. वेग मात्र सगळे सोबत असताना सर्वात हळू चालणाऱ्याचा. त्याला न थांबता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे.

बहिणीला उतारावर त्रास होतो म्हणता, तर तिचं थांबण्याचं ठिकाण पहिल्या मोठ्या चढाच्या आधी हवं. जेवढं चढेल तेवढं तिला उतरावंही लागणार आहे.